चेन तुटल्याचा तास

घडामोडीसरांच्या पँटची चेन तुटली तेव्हा तास सुरू व्हायला बारा मिनिटं उरली होती.

चेन अडकली, एखादा दात वाकडा झाला, असलं किरकोळ काही नव्हतं. ती वर-खाली करायची धातूची टिकलीच उपटून सरांच्या हातात आली होती. शिक्षकांच्या स्वच्छतागृहात, अंधुक आरशासमोर उभे राहून सर त्या टिकलीकडे बघत राहिले. पँट नवी कोरी होती. “उद्या मोठी माणसं येणार आहेत. त्या गुडघ्याला चमकणाऱ्या पँटीत जाऊ नका,” असं म्हणून बायकोने कालच दुकानात ओढत नेऊन घ्यायला लावली होती. पँट काळी आणि शर्ट पांढराशुभ्र. त्यामुळे जिथे काहीही दिसायला नको, नेमकं तिथेच शर्टाचं एक शुभ्र टोक बाहेर डोकावत होतं. आतून कुणी शरणागतीचं निशाण दाखवावं तसं.

सरांना सगळं कॉलेज घडामोडीसर म्हणायचं, कारण तेवीस वर्षं ते दर गुरुवारी ‘जागतिक अर्थव्यवस्था : चालू घडामोडी’ असा एक जादा तास घेत आले होते. त्या तासाला परीक्षा नव्हती, मार्क नव्हते, त्यामुळे गर्दीही नव्हती. सर रोज सकाळी तीन वर्तमानपत्रं कात्रीने कापायचे, कात्रणं एका जाड निळ्या फाइलला लावायचे आणि गुरुवारी फळ्यासमोर येरझाऱ्या घालत ती वाचून दाखवायचे. कुठे कालव्यात जहाज आडवं झालं, कुठे व्याजदर वाढले, कुठे एका देशाने दुसऱ्याच्या मालावर कर लावला आणि कारखाना मात्र तिसऱ्याच देशात बंद पडला. वाचता वाचता सरांचाच आवाज भारावून जायचा. “बघा, केवढं अफाट आहे हे!” ते म्हणायचे. एकतीस मुलं बघायची, पण घड्याळाकडे.

आज तासाला प्राचार्यबाई बसणार होत्या, आणि त्यांच्याबरोबर संस्थेचे अध्यक्ष. बाईंच्या हातातल्या कागदावर ठराव टाइप करून तयार होता : हा तास बंद करावा आणि सरांना वेळापत्रक समितीवर घ्यावं. अध्यक्षांची सही तेवढी बाकी होती. वेळापत्रक समितीवर गेलेला माणूस पुन्हा मोकळेपणाने हसल्याचं कॉलेजात कुणाच्या पाहण्यात नव्हतं.

सरांनी दार किलकिलं केलं. “मामा! अहो मामा!”

मामा म्हणजे कॉलेजचे शिपाई. चहाच्या कपांचा ट्रे घेऊन ते चालले होते, ते थांबले. “काय झालं सर? पाणी नाही का?”

“पाणी आहे हो. चेन गेली.”

“अरे बापरे! सोन्याची?”

“पँटची!”

मामांनी मान आत घातली, पाहिलं आणि आशा सोडलेल्या डॉक्टरसारखी मान हलवली.

“सेफ्टीपिन मिळेल का कुठे?”

“टाचण्या आहेत ऑफिसात. पण टाचणी तिथे नको सर. बसताना विसरलात तर काय घ्या!”

शेवटी मामांनी स्टेपलर आणला. सरांनी पोट आत ओढलं, श्वास रोखला आणि स्वतःच्या हाताने तीन पिना मारल्या. “बसलं की झकास,” मामा म्हणाले. सरांनी सुटकेचा मोठा श्वास घेतला आणि त्या श्वासासरशी तिन्ही पिना टकाटक फरशीवर पडल्या.

“मामा, मी पटकन घरी जाऊन येतो.”

“कसलं घर सर! साहेब केव्हाचे वर्गात येऊन बसलेत.”

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात; सरांना निळ्या फाइलचा मिळाला. ती दोन्ही हातांनी पोटाखाली धरून सर निघाले, आणि तशीच धरून वर्गात शिरले. मुलं उभी राहिली. एक जण जरी फिसकन हसला असता तर सगळं संपलं असतं. पण कुणी हसलं नाही. वर्ग इतका गंभीर झालेला सरांनी तेवीस वर्षांत पाहिला नव्हता. साहेबांचा धाक, त्यांना वाटलं.

आता खुर्चीत बसलं की निभावलं, या हिशोबाने सर टेबलाकडे गेले, तर तिथे खुर्चीच नव्हती. ती अध्यक्षांना दिली होती. अध्यक्ष पहिल्या बाकाशेजारी तिच्यावर ऐसपैस बसले होते आणि शेजारी दुसऱ्या खुर्चीवर बाई. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे ते टेबल बसून शिकवणाऱ्यासाठी केलेलं होतं. त्याला समोरून फळी होती खरी, पण उभ्या माणसाला ती हवी त्या जागेच्या चार बोटं खालीच संपायची. सरांनी फाइल टेबलाच्या कडेवर भिंतीसारखी उभी केली आणि पडू नये म्हणून एका हाताने धरून ठेवली. धरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आजची सगळी कात्रणं फाइलमध्ये आहेत, आणि फाइल उघडायची तर आडवी करावी लागेल.

“आज सर सांगणार आहेत,” प्राचार्यबाईंनी उभं राहून कागदावरचं वाचलं, “की जगाची सप्लाय चेन का तुटते.”

सरांचा फाइलवरचा हात घट्ट झाला.

अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर होते. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघण्याऐवजी तोंडात बघायची त्यांना सवय होती. “वा!” ते म्हणाले. “हे मला नेहमीच विचारायचं होतं. मला सांगा सर, चांगली धडधाकट चेन अशी तुटते कशी?”

“अचानक,” सर म्हणाले. “कालपर्यंत काही नसतं साहेब. नवी कोरी असते. आणि ऐन वेळेला...”

“आणि तुटल्यावर सगळ्यात आधी काय होतं?”

“माणूस जागचा हलू शकत नाही.”

हे सर इतक्या कळवळून बोलले की अध्यक्षांनी ते वहीत टिपून घेतलं.

पण पुढे काय? वाचायला कात्रण नाही, चालायला जागा नाही. सरांनी खिशातून खटक्याचं साधं पेन काढलं, ते नुसतं हाताला चाळा म्हणून. आणि त्याच्याकडे बघता बघता बोलू लागले.

“हे पेन बघा. याच्या टोकाला एक गोळी आहे, मोहरीपेक्षा कितीतरी बारीक. ती अशी गुळगुळीत घडवता येणारे कारखाने जगात फार थोडे. शाई कुठल्या तिसऱ्याच गावची. ही नळी प्लास्टिकची, म्हणजे जमिनीखालच्या तेलाची. आतली स्प्रिंग पोलादाची, म्हणजे कुठल्यातरी खाणीची. खाणीतल्या माणसाला ठाऊक नाही की तो पेन बनवतोय. जहाजावरच्याला ठाऊक नाही. आख्खं पेन एकट्याने बनवू शकेल असा माणूस या पृथ्वीवर नाही. आणि तरी ते कोपऱ्यावरच्या दुकानात, एका कप चहाच्या भावात मिळतं. कुणी ठरवलं हे? कुणीच नाही!”

अध्यक्षांनी खिशातलं स्वतःचं चकचकीत पेन काढलं आणि नुकत्याच जन्मलेल्या मुलाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघू लागले.

“नकाशावर दाखवा ना सर, कुठून काय येतं ते,” बाई म्हणाल्या.

जगाचा नकाशा दाराजवळच्या भिंतीवर होता, टेबलापासून सहा पावलांवर. सहा पावलं फाइलशिवाय जाणं शक्य नव्हतं, आणि फाइल पुढे धरून नकाशा दाखवणं त्याहून शक्य नव्हतं.

“नकाशा नको!” ते ओरडले. ओरडल्यावर काहीतरी म्हणणं भागच होतं. “नकाशा... तुम्हीच व्हा. हो! आज तुम्हीच जग. खिडकीकडचे बाक म्हणजे माल बनवणारे देश. दाराकडचे बाक म्हणजे पेनं जोडणारे आणि विकत घेणारे. काढा सगळ्यांनी आपापली पेनं. खोला!”

मग एकतीस पेनांचे खटके एकदम वाजले. कधी नव्हे तो वर्ग जागा झाला होता. पहिल्या बाकावर रिफिली जमल्या, दुसऱ्यावर नळ्या, तिसऱ्यावर खटक्याची बोंडं. स्प्रिंगा गेल्या शेवटच्या बाकावर, जिथे एक मुलगी दोन वर्षं नुसती खिडकीबाहेर बघत बसलेली होती. तिला सगळे खिडकीवाली म्हणायचे. तिचा आवाज सरांनी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता.

“माझंही घ्या,” म्हणून अध्यक्षांनी आपलं पेन पुढे केलं. बाई दचकल्या. “साहेब, ते तुमचं सह्यांचं...” पण तोवर ते पाच तुकडे होऊन चार बाकांवर गेलं होतं.

व्यवहाराला नाणं हवं. बाईंनी चहाबरोबर द्यायला आणलेल्या बिस्किटांचा पुडा फोडला आणि दाराकडच्या प्रत्येकाला दोन-दोन बिस्किटं दिली. ठरलं असं, की एका बिस्किटाला एक सुटा भाग. माल वाहून न्यायला जहाज हवं, ते काम हत्तीला मिळालं. हत्ती म्हणजे वर्गातला सगळ्यात रुंद मुलगा. त्याने कपाटातला लाकडी ड्रॉइंग बोर्ड काढून दोन्ही हातांत आडवा धरला आणि तोंडाने भोंगा वाजवला.

पहिली फेरी झकास झाली. खिडकीकडून दाराकडे जायला वाट एकच होती : कपाट आणि दाराकडचा पहिला बाक यांच्यामधली फट. टेबलामागे यायची वाटही तीच. हत्ती तिच्यातून अंग चोरून गेला, माल पोचला, दोन पेनं तयार झाली, टाळ्या पडल्या. आणि सर, एका हाताने फाइल धरून, आयुष्यात पहिल्यांदा वर्गात एका जागी उभे राहून बघत होते. कात्रणांत वाचलेलं सगळं समोर चालत होतं. त्यांच्या अंगावर काटा आला.

“मला जरा ते टोक जवळून दाखवा हो, गोळीचं,” असं म्हणून अध्यक्ष उठले आणि त्या फटीकडे निघाले.

त्या फटीतून चार पावलं टाकली की साहेब टेबलाच्या बाजूला येणार, आणि बाजूने फाइलची भिंत कुचकामाची. सर मागे सरकणार तोच हत्ती दुसऱ्या फेरीचा माल घेऊन अध्यक्षांच्या पुढून फटीत घुसला, मध्येच वळला आणि त्याचा बोर्ड एका टोकाने कपाटात आणि दुसऱ्या टोकाने बाकात घट्ट रुतून बसला.

“काय रे?” बाई म्हणाल्या.

“अडकलो मॅडम.”

“मग मागे हो!”

“मागे होता येत नाही मॅडम. पुढेही होता येत नाही.”

“साहेब, बसून घ्या,” सर घाईघाईने म्हणाले. “हेच! अगदी हेच झालं होतं. एक जहाज कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस जगाचा व्यापार तुंबला. एक जहाज! बसा, बसून बघा काय होतं ते.”

अध्यक्ष बसले. आणि मग जे झालं ते पाहून सरांचं भान हरपलं.

आधी दाराकडच्या एकाने नुसतं विचारलं, “आता स्प्रिंगा येणार नाहीत का?” त्याच्या मागच्याने पुढच्याला सांगितलं, “स्प्रिंगा येणार नाहीत.” तिसऱ्या बाकापर्यंत बातमी पोचली ती, “स्प्रिंगा संपल्या!” अर्ध्या मिनिटात आठ जण बाकांवरून उड्या मारत शेवटच्या बाकाकडे धावले. स्प्रिंगा मुळीच संपल्या नव्हत्या. एकोणतीस होत्या, खिडकीवालीच्या ओंजळीत. पण तिने धावत येणारी माणसं पाहिली आणि ओंजळ मिटली.

“दोन बिस्किटं,” ती म्हणाली.

“आत्ता तर एक होतं!”

“तेव्हा कुणी धावत आलं नव्हतं.”

सर बघत राहिले. हे वाक्य त्यांच्या एकाही कात्रणात नव्हतं.

स्प्रिंगा धरून ठेवलेल्या पाहून रिफिलवाल्यांनी रिफिली धरून ठेवल्या. नळीवाले म्हणाले, आम्हीच काय घोडं मारलंय? दाराकडच्या एकाने जाहीर केलं की आम्हाला बाहेरच्या स्प्रिंगा नकोतच, आम्ही घरच्या घरी बनवू. आणि तो वहीची तार काढून पिळत बसला. पाच मिनिटांत त्याने बोटाला जखम आणि एक वेटोळं एवढं उत्पादन केलं.

“अरे, भांडू नका रे, बिस्किटं कमी पडतायत का?” प्राचार्यबाईंना राहवलं नाही. त्यांनी दुसरा पुडा फोडला आणि स्वतः बाकांमधून फिरून सगळ्या खरेदीदारांना आणखी तीन-तीन बिस्किटं वाटली. सगळे खूश झाले. बाई समाधानाने खुर्चीत बसेपर्यंत स्प्रिंग पाच बिस्किटांना झाली होती.

“हे काय!” बाई उसळल्या. “मी तर मदत केली!”

“होय मॅडम,” सर हलक्या आवाजात म्हणाले. “जगातल्या भल्या भल्या बँकांना हाच प्रश्न पडलाय. बिस्किटं वाढली, स्प्रिंगा तेवढ्याच राहिल्या.”

“मग परत घ्या ती बिस्किटं!”

सर काही बोलण्याआधी एका कोपऱ्यातून कुरुमकुरुम आवाज आला. चलनाचा एक भाग कायमचा नाहीसा झाला होता.

तेवढ्यात मागच्या दारातून घामाघूम मामा आले. पुढच्या दाराशी ते ट्रे घेऊन उभे होते, पण हत्तीमुळे आत येता येईना, म्हणून इमारतीला पूर्ण वळसा घालून, व्हरांड्यातून आणि सायकलींच्या शेडमधून आले होते. “आफ्रिकेला वळसा!” कुणीतरी ओरडलं. अध्यक्षांनी कप तोंडाला लावला आणि डोळे मोठे केले. “गार झालाय.”

“वाहतूक लांबली साहेब,” मामा म्हणाले.

बाईंनी घड्याळ पाहिलं. खेळ पुरे झाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. त्यांनी ठरावाचा कागद अध्यक्षांपुढे ठेवला. “साहेब, तुमची निघायची वेळ झाली. तेवढी सही.”

अध्यक्षांचा हात खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. “पेन?”

बाईंनी आपली पर्स उघडली. त्यांचंही पेन त्यांनी उत्साहाच्या भरात नळीवाल्यांना दिलं होतं. आधी तयार झालेली दोन पेनंसुद्धा भाव चढताच मालकांनी खोलून भाग विकायला काढली होती. मामांकडे पेन नव्हतं. सरांचं त्यांच्या समोरच तुकड्यांत होतं.

“मला एक स्प्रिंग द्या,” अध्यक्षांनी वर्गाला सांगितलं.

“सहा बिस्किटं,” शेवटच्या बाकावरून आवाज आला.

अध्यक्षांकडे एक होतं, तेही अर्धं खाल्लेलं. ते हळूहळू उभे राहिले आणि चोहीकडे बघू लागले. कुणी रिफिली छातीशी धरल्या होत्या, कुणी खटक्याची बोंडं मोज्यात लपवली होती. फटीत हत्ती आडवा होता.

“चौतीस पेनं या खोलीत आली,” ते पुटपुटले. “एकही हरवलं नाही, एकही मोडलं नाही. सगळे भाग इथेच आहेत. आणि मला सही करायला एक पेन नाही!” त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. “सर, पेपरात मी हे रोज वाचतो हो. आज पहिल्यांदा कळलं.”

“मलाही साहेब,” सर म्हणाले. ते अगदी खरं होतं.

अध्यक्षांनी ठरावाच्या कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली. “ही सही राहू द्या. हा तास बंद करणारा मी कोण! चला, सगळ्यांचा एक फोटो घेऊ. सर, पुढे या.”

सरांच्या कपाळावर घाम फुटला. पण ते तोंड उघडण्याआधीच हत्ती सोडून तीसच्या तीस मुलं टेबलाकडे लोटली आणि त्यांच्यापुढे तीन रांगांत दाटीवाटीने उभी राहिली. फोटोत सरांचं फक्त डोकं आलं. हत्ती फोटोत नाही. त्याला सोडवायला नंतर मामांनी कपाटच हलवलं. सगळे गेल्यावर सर फाइल पुढे धरून मागच्या दाराने बाहेर पडले आणि गल्लीबोळातून घरी गेले.

सोमवारी सूचनाफलकावर परिपत्रक लागलं. घडामोडीसरांची ‘विद्यार्थी पुढे, शिक्षक मागे’ ही अभिनव पद्धत सर्व विभागांना लागू करण्यात येत आहे. यापुढे कोणत्याही शिक्षकाने तास संपेपर्यंत टेबलाच्या पुढे येऊ नये. खाली प्राचार्यबाईंची सही. इतिहासाचे सर, ज्यांना मुलांच्या वहीत डोकावल्याशिवाय चैन पडत नसे, ते चहाच्या वेळी म्हणाले, “तुमचं नाव झालं हो, पण आमचे पाय बांधले गेले. सुचलं तरी कसं तुम्हाला?” घडामोडीसरांना घोट गिळवेना. तीन दिवस त्यांचं मन त्यांना खात राहिलं. आपण फसवणूक केली. निदान आपल्या मुलांना तरी खरं सांगितलं पाहिजे.

गुरुवारी वर्गाबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या विभागांची मुलं आत यायला बघत होती, त्यांना मामांनी बाहेर थोपवलं होतं. सरांनी दार लावून घ्यायला सांगितलं. आज पँट जुनीच होती, गुडघ्याला चमकणारी. ते टेबलामागे उभे राहिले आणि घसा खाकरला.

“मला तुम्हाला एक सांगायचंय. गेल्या गुरुवारी जे झालं ती काही पद्धत-बिद्धत नव्हती. मी टेबलामागे उभा होतो, कारण माझ्या पँटची...”

“माहितीये सर,” शेवटच्या बाकावरून खिडकीवाली म्हणाली.

“काय माहितीये?”

“चेन.”

सरांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. “कुणाकुणाला माहितीये?”

एकतीस हात वर झाले.

“कधीपासून?”

“तुम्ही फाइल धरून दारातून आत आलात तेव्हापासून,” पहिल्या बाकावरचा म्हणाला. “फाइल छोटी आहे सर.”

सरांनी टेबलाचा आधार घेतला. “आणि कुणी हसलं नाही?”

“साहेब बसले होते ना. तुमचा तास गेला असता.”

“मग तू,” सरांनी हत्तीकडे पाहिलं, “तू त्या फटीत अडकलास, तो...”

“आधी मुद्दाम सर. साहेब उठले म्हणून,” हत्ती म्हणाला. “नंतर खरंच.”

“फोटोला सगळे पुढे आलात...”

काही जण खाली बघून हसले.

“आणि तू स्प्रिंगा दाबून ठेवल्यास, त्या माझ्यासाठी?” सरांचा आवाज भरून आला.

“नाही सर,” खिडकीवाली म्हणाली. “त्या मी बिस्किटांसाठी ठेवल्या. चौदा मिळाली.”

सर वर्गाकडे बघत राहिले. “पण हे ठरवलं कुणी? पुढारी कोण होता? कुणी खुणावलं कुणाला?”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्या बाकावरच्याने खांदे उडवले. “कुणीच नाही सर. ज्याला जे सुचलं ते त्याने केलं.”

तेवीस वर्षं सर सांगत आले होते की एवढं मोठं जग कुणीही न चालवता चालतं. ते सांगताना दर वेळी त्यांच्या मनात एक बारीकशी शंका असायची, की असं कसं होईल, कुठेतरी कुणीतरी असेलच. आज त्यांनी एकतीस चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि त्यांना तो कुणीतरी सापडला नाही. ते नकळत टेबलाला वळसा घालून पुढे आले, पहिल्या बाकापाशी थांबले आणि काहीतरी मोठं बोलण्यासाठी त्यांनी हात उचलला.

मामांनी दारातून मान आत घातली. “सर, आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. साहेबांनी त्या दिवशी गाडीत बसताना मला हळूच विचारलं, सरांना कुणी पिन दिली का हो?”

“म्हणजे साहेबांनासुद्धा...!”

“दातांचे डॉक्टर आहेत सर. फट त्यांच्या नजरेतून सुटत नाही.”

हशा पिकला, पण तो मध्येच तुटला. मामांच्या मागून प्राचार्यबाई आत आल्या होत्या. त्या दिवशी वर्गात असूनही ज्यांना अजून काहीच ठाऊक नव्हतं त्या एकट्या बाईंनी आधी हसणारी मुलं पाहिली, मग पहिल्या बाकापाशी, भर वर्गात, हात वर करून उभे असलेले सर पाहिले. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“सर,” त्या म्हणाल्या, “निदान तुमच्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती. परिपत्रक वाचलं नाहीत का? व्हा बघू टेबलामागे.”

सर वर केलेला हात खाली घेऊन निमूटपणे टेबलामागे जाऊन उभे राहिले.

“शाबास,” बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून पहिल्या बाकाशेजारी बसल्या. “चालू द्या. आज काय तुटणार आहे?”

एकतीस मुलांनी अतिशय गंभीर चेहऱ्याने आपापली पेनं काढली.